उघड्यावरच्या लाकडाला ऑईल पेंट की स्टेन? रंगारी बोलावण्याआधी एवढं वाचा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना होता. आमच्या सासूबाई, म्हणजे घरात सगळ्यांच्याच अम्मी, फजरची नमाज झाल्यावर नेहमीप्रमाणे माडीवरच्या सज्ज्यात बसायला गेल्या. खाडीकडे तोंड असलेली ती लाकडी गॅलरी म्हणजे त्यांची सर्वांत आवडती जागा. दोन पावलं टाकली आणि तिसरं पाऊल सरळ फळीतून खाली गेलं. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. अल्लाहची मेहेरबानी म्हणून पाय अडकला आणि त्या खाली पडल्या नाहीत.

नवल याचं वाटलं की तो सज्जा दिसायला घरातला सर्वांत धडधाकट भाग होता. दोनच वर्षांपूर्वी पुतणीच्या निकाहच्या वेळी त्याला नवा ऑईल पेंट दिला होता. कुवेतला असलेले धाकटे दीर म्हणाले होते, "भाभी, पैसे मी पाठवतो, पण पाहुणे आले की घर चमकलं पाहिजे." घर चमकलंही. गडद चॉकलेटी रंग, आरशासारखी झळाळी. सगळ्यांनी वाखाणलं.

अम्मी दवाखान्यातून घरी आल्यावर गावातले जुने सुतार तात्या आले. त्यांनी खिशातला पेचकस काढला आणि चकचकीत दिसणाऱ्या फळीवर टेकवला. जोर न लावता तो आत गेला, चहात बुडवलेल्या खारीत बोट जावं तसा. तात्या म्हणाले, "बाई, रंग उभा आहे, लाकूड कधीच गेलंय." बावीस फळ्यांपैकी सात फळ्या गेल्या होत्या आणि खालच्या दोन तुळयांची टोकंही नरम पडली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ओलावा, बुरशी, बाष्पीभवन हे सगळं दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण स्वतःच्या घरातल्या फळीबद्दल कधी विचार केला नव्हता. त्यानंतर वाचलं, तात्यांना विचारलं, स्वतः ब्रश हातात घेतला. आपल्यापैकी अनेकांची कोकणात जुनी घरं आहेत. काहींनी गावी नवी घरं बांधून पुढे लाकडी ओटा किंवा 'डेक' करायला घेतला आहे. परदेशातल्या नातेवाइकांच्या घरामागे तर डेक असतोच. म्हणून हा तजुर्बा सगळ्यांसाठी लिहिते आहे.

पेंट लाकडावर बसतो, स्टेन लाकडात शिरतो

दुकानात दोन्हीही डब्यातच मिळतात आणि ब्रशनेच लावतात. त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. पण काम अगदी वेगळं आहे.

ऑईल पेंट, इनॅमल, वॉर्निश, पीयू पॉलिश हे सगळे लाकडाच्या वर पापुद्रा तयार करतात. पेंटमध्ये रंगद्रव्य भरपूर असतं, त्यामुळे लाकडाच्या रेषा झाकल्या जातात. वॉर्निश आणि पीयू पारदर्शक असतात, रेषा दिसतात, पण शेवटी तोही पापुद्राच.

स्टेन पातळ असतो. त्यात तेल किंवा राळ, थोडं रंगद्रव्य आणि बाहेरच्या कामाचा चांगला स्टेन असेल तर बुरशीनाशकही असतं. तो लाकडाच्या धाग्यांमध्ये जिरतो. वर जाड थर उरत नाही. हात फिरवला तर लाकूडच लागतं आणि रेषा दिसत राहतात.

एवढ्या एका फरकावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पापुद्रा फाटतो, सुटतो, त्याचे पोपडे निघतात. जिरलेला स्टेन फक्त झिजतो आणि फिका पडतो.

मग पेंट असूनही फळी कुजली कशी?

कापलेलं लाकूडही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून तर पावसाळ्यात दारं अडकतात. फळी लांबीत फारशी वाढत नाही, रुंदीत वाढते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मग मार्च-एप्रिलमध्ये कडक ऊन. म्हणजे फळीची हालचाल दरवर्षी ठरलेली.

पेंटचा पापुद्रा तेवढा ताणला जात नाही. तो जोडांवर, खिळ्यांच्या डोक्याभोवती आणि फळीच्या कापलेल्या टोकांवर तडकतो. ही तडक केसाएवढी असते, डोळ्याला दिसत नाही. पण पाण्याला तेवढी वाट पुरते. फळीच्या कापलेल्या टोकाला लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात, त्यातून पाणी सर्वांत भराभर आत जातं. शिवाय फळीची खालची बाजू बहुतेक वेळा कोणी रंगवतच नाही, तिथून दमट हवा आत शिरते.

पाणी आत गेलं की वरचा पेंट त्याला लवकर बाहेर येऊ देत नाही. ओला टॉवेल दोरीवर टाकला तर दुपारपर्यंत वाळतो. तोच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर दोन दिवसांत वास मारतो. आमच्या सज्ज्यात हेच झालं.

लाकूड कुजवणारी बुरशी म्हणजे जिवंत वनस्पतीसारखीच एक सजीव गोष्ट आहे. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ती वाढू शकत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि तसंच राहिलं तर तिचं फावतं. म्हणजे लाकडाला पाणी लागणं हा गुन्हा नाही, लाकूड वाळू न देणं हा गुन्हा आहे. कोकणातल्या जुन्या माड्या शंभर वर्षं टिकल्या त्या रंगामुळे नव्हे. रुंद छप्पर, खालून खेळती हवा आणि फळ्यांमधल्या फटी यांनी त्यांना दरवर्षी वाळू दिलं.

आमच्या सज्ज्यावर आणखी एक गोष्ट रोज होत होती. अम्मी तिथेच तांब्या-लोटा घेऊन वुजू करायच्या. ते पाणी कठड्याजवळच्या फळ्यांवर पडायचं. पूर्वी उघड्या लाकडावर ते तासाभरात सुकायचं. पेंट दिल्यावर तडकांतून आत मुरत राहिलं. सातपैकी पाच कुजलेल्या फळ्या नेमक्या तिथल्याच निघाल्या.

भिंतीवरचं किंवा दारावरचं लाकूड उभं असतं, पाणी ओघळून जातं. सज्जा, ओटा, डेक आडवे असतात. तिथे पाणी साचतं, ऊन सरळ पडतं आणि पायांनी घासलंही जातं. अमेरिकेत मॅडिसन शहरात १९१० पासून लाकडावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या तज्ज्ञांचा सल्लाही हाच आहे: डेकवर पापुद्रा धरणारा रंग टाळा, आत जिरणारं फिनिश वापरा.

पेंटचा दुसरा धोका घसरण्याचा. ओल्या इनॅमलवर अनवाणी पाय ठेवून बघा. घरात म्हातारी माणसं आणि धावणारी मुलं असतील तर हे एकच कारण पुरेसं आहे.

स्टेन घ्यायचा तर कोणता?

दुकानदाराला नुसतं "स्टेन द्या" म्हटलं तर तो कपाट-टेबलाला लावायचा स्टेन देईल. तो घरातल्या लाकडाला रंग देण्यापुरता असतो, वरून पॉलिश करावं लागतं. आपल्याला हवा "बाहेरच्या लाकडाचा, आत जिरणारा स्टेन". डब्यावर तीन गोष्टी पाहा: बाहेरच्या वापरासाठी आहे का, जमिनीवर किंवा डेकवर चालतो का आणि बुरशीपासून संरक्षण आहे का.

त्यातही तीन प्रकार येतात.

पहिला, अगदी पारदर्शक. लाकडाचा रंग जसाच्या तसा दिसतो म्हणून लोकांना आवडतो. पण उन्हातले अतिनील किरण लाकडाला बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक मोडतात, त्यामुळे लाकूड करडं पडतं. त्या किरणांना मुख्यतः रंगद्रव्य अडवतं. रंगद्रव्यच नाही तर छत्रीही नाही. वर्षभरातच लाकूड करडं दिसू लागतं.

दुसरा, अर्धपारदर्शक. रंगद्रव्य बेताचं, रेषा दिसतात, ऊनही बऱ्यापैकी अडतं. सज्जा आणि डेकसाठी हाच योग्य. सागवानी किंवा तांबूस तपकिरी छटा आपल्या घरांना शोभते.

तिसरा, गडद अपारदर्शक स्टेन. नाव स्टेनचं असलं तरी तो पातळ पेंटच समजा. पापुद्रा धरतो आणि पायाखाली सोलतो. कठड्याला चालेल, जमिनीला नको.

अर्धपारदर्शक स्टेन किती टिकतो? आडव्या लाकडावर साधारण दोन ते तीन वर्षं. आपल्याकडचा पाऊस आणि ऊन पाहता, जिथे थेट पाणी पडतं तिथे वर्षा-दोन वर्षांनी एक हात मारावा लागेल हे आधीच धरून चाला. "म्हणजे पेंटच बरा की, एकदा दिला की पाच वर्षं बघायला नको," असं दीर म्हणाले होते. पण पुन्हा पेंट देताना जुने पोपडे खरवडावे लागतात, घासावं लागतं, लांबी भरावी लागते, अस्तर मारावं लागतं. स्टेनला फक्त धुणं, वाळवणं आणि एक हात. एका सुट्टीच्या दिवसाचं काम, आणि ते आपण स्वतः करू शकतो. शिवाय स्टेनखाली काही बिघडलं तर ते दिसतं. पेंटने आमच्यापासून तेच लपवलं होतं.

लाकूड कोणतं, यावरही ठरतं

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि किडीला नकोशी द्रव्यं असतात. चांगल्या गाभ्याच्या सागाला उघड्यावर काहीच नाही लावलं तरी चालतं. तो करडा होतो, पण तो बदल वरवरचा असतो, आतलं लाकूड मजबूत राहतं. ज्यांना करडा रंग चालतो त्यांनी साग नुसता धुऊन ठेवला तरी पैसे वाचतील. सागाला स्टेन लावायचाच असेल तर आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर त्याच्याच तेलामुळे स्टेन नीट जिरत नाही.

पण झाड सागाचं असलं तरी गाभ्याबाहेरचं फिकं पांढरट लाकूड टिकाऊ नसतं. फळ्या घेताना हे पाहून घ्या. फणस, ऐन, किंजळ ही आपल्या घरांतली नेहमीची लाकडं, त्यांना संरक्षण हवंच. आंब्याचं लाकूड किंवा स्वस्त पाईन उघड्यावरच्या जमिनीला वापरू नये हे उत्तम. पाईन वापरायचंच तर दाबाखाली औषध मुरवलेलं घ्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्टेन म्हणजे वाळवीचं औषध नाही. वाळवी असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग रंगरंगोटी.

आजीच्या काळातली तेलं

हा प्रश्न हमखास येतो. "पूर्वी तर अळशीचं तेल लावायचे, काजूच्या टरफलाचं काळं तेल लावायचे. तेच लावलं तर?"

काजूच्या टरफलाचं तेल किडीला खरोखर आवडत नाही, होड्यांनाही ते लावत आले आहेत. पण कच्चं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. मुलं जिथे अनवाणी फिरतात त्या फळ्यांना ते माझ्या मते नको. तुळयांना खालून लावायचं असेल तर जाणकार माणसाकडूनच लावून घ्या.

अळशीचं तेल, म्हणजे दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते, लाकडात छान जिरतं. पण नुसतं तेल हे बुरशीचंही खाणं आहे. कोकणच्या दमट हवेत दोन-तीन महिन्यांत फळ्यांवर काळे डाग येतात. आत, कोरड्या जागी ठीक. उघड्यावर बुरशीनाशक असलेला स्टेनच बरा.

आता यातली सर्वांत महत्त्वाची सूचना. अळशीचं तेल किंवा तेलाचा स्टेन पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता बाहेर टाकतं. बोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता साठते आणि काडी न लावता आग लागते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला लागलेली आग अशाच तेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली होती. त्यात तीन अग्निशमन जवानांचा जीव गेला. फडकी उघड्यावर एकेक करून पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. हे रंगाऱ्यालाही सांगा. अनेकांना माहीत नसतं.

मग पेंट वाईट का?

अजिबात नाही. जागा चुकली की चांगली वस्तूही वाईट ठरते. दारं, खिडक्यांच्या चौकटी, छपराखालच्या पट्ट्या, कठड्याचे उभे खांब अशा उभ्या लाकडाला पेंट चांगला. त्यात रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे ऊन सर्वांत चांगलं पेंटच अडवतो. नीट अस्तर मारून दिलेला पेंट उभ्या लाकडावर अनेक वर्षं टिकतो. बाहेरच्या उभ्या लाकडाला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक पेंट घेतला तर तो इनॅमलपेक्षा जास्त लवचीक असतो आणि आतला ओलावाही जास्त बाहेर सोडतो.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर: पाय पडतो तिथे स्टेन, फक्त हात लागतो तिथे पेंट चालेल.

आधीच पेंट असेल तर?

पेंटवर स्टेन लावून उपयोग नाही, तो जिरणारच नाही. दोनच मार्ग आहेत. पेंट पूर्ण काढून स्टेनवर या, किंवा पेंटच ठेवा पण दर पावसाळ्यानंतर प्रत्येक जोड आणि प्रत्येक टोक तपासा. पेंटच ठेवायचा असेल तर जमिनीसाठीचा, पाय न घसरणारा पेंट घ्या.

काढायचा निर्णय घेतला तर घाई करू नका. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायदेशीर मर्यादा आणणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. मर्यादा आहे दहा लाख भागांत ९० भाग. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या लाकडावर शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की शरीरात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही.

म्हणून जुना पेंट कोरडा घासू नका, मशीनने उडवू नका आणि गॅसच्या ज्योतीने जाळू नका. पाणी मारत मारत ओला घासा किंवा पेंट काढायचं द्रव वापरा. खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क लावा. मुलांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. कचरा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

काम कधी आणि कसं करावं

आपल्याकडे घर रंगवायची वेळ म्हणजे ईद किंवा निकाह. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, लाकूड वाळायचा मोसम मात्र तिथेच राहतो. कोकणात बाहेरच्या लाकडाचं काम नोव्हेंबर ते मार्च या काळात करावं. ईद पावसाळ्याजवळ येत असेल तर आतल्या भिंती रंगवा, सज्जा थांबू द्या. ओल्या लाकडावर घाईने दिलेला थर म्हणजे ओलावा आत कोंडणंच.

कामाचा क्रम असा:

१. आधी तपासणी. पेचकसाने फळ्यांची टोकं, खिळ्यांच्या जागा आणि तुळया टोचून पाहा. पेचकस सहज आत गेला तर ती फळी बदला. कुजलेल्या फळीवर कोणताही रंग औषध नाही.

२. साबणाचं पाणी आणि कडक ब्रशने धुवा. शेवाळ, काळे डाग काढा. मग चार-पाच कोरडे दिवस वाळू द्या.

३. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा. कपाटासारखं फार गुळगुळीत करू नका, छिद्रं बंद झाली की स्टेन जिरत नाही.

४. पाण्याची परीक्षा. फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. काही मिनिटांत जिरले तर लाकूड तयार आहे. मोत्यासारखे वरच राहिले तर जुनं फिनिश अजून आहे, किंवा घासणं कमी पडलं आहे.

५. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पातळ हाताने स्टेन लावा. तापलेल्या फळीवर तो जिरायच्या आधीच वाळतो. एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग करा, मध्येच थांबलं तर पट्टे दिसतात.

६. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेला स्टेन फडक्याने पुसून काढा. हीच पायरी लोक चुकवतात. वर राहिलेला स्टेन चिकट राहतो आणि पापुद्र्यासारखा सोलतो. जास्त लावला म्हणजे जास्त टिकेल, हे इथे खरं नाही.

७. कापलेल्या टोकांना दोन-तीनदा पाजा. नवीन फळ्या असतील तर ठोकायच्या आधीच खालच्या बाजूलाही लावा.

८. नव्या फळ्यांमध्ये साधारण पाच मिलिमीटर फट ठेवा. पाणी निघून जातं, हवा खेळते. फट म्हणजे सुताराची चूक नव्हे.

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी

हा भाग माझ्या अमेरिकेतल्या मामेबहिणीसाठी लिहिते, कारण तिने घर घेतलं तेव्हा मागचा डेक जुना होता. तिथे २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती डेकसाठी 'सीसीए' औषध मुरवलेलं लाकूड सर्रास वापरलं जायचं. त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असतं. गंमत म्हणजे हे औषध १९३३ मध्ये सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने शोधलं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतलं ते काम जगभरच्या लाकडाला कुजण्यापासून वाचवत आलं. पण आर्सेनिकमुळे पुढे घरगुती वापर थांबवण्यात आला.

असा जुना डेक असेल तर तो घासू नये आणि त्याचं लाकूड शेकोटीत किंवा बार्बेक्यूत कधीही जाळू नये. वर्षा-दोन वर्षांनी आत जिरणारा तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन लावल्याने आर्सेनिक वर येणं कमी होऊ शकतं, असं तिथल्या सरकारी यंत्रणा सांगतात. पेंटसारख्या थराचा सल्ला मात्र त्या देत नाहीत, कारण तो सोलला की त्या पोपड्यांबरोबर विषही मुलांच्या हाताला लागतं.

आमच्या घरात काय ठरलं

अम्मींच्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा दीर सुट्टीवर आले होते. त्यांना वाईट वाटत होतं. पैसे त्यांनी प्रेमाने पाठवले होते, आणि त्याच पैशांच्या रंगाखाली फळी कुजली. मी त्यांना म्हटलं, "भाईजान, चूक तुमची नाही. आपण रंगाऱ्याला फक्त चमक मागितली, लाकडाबद्दल कोणी विचारलंच नाही."

मग तात्यांनी सात फळ्या आणि दोन्ही तुळयांची टोकं बदलली. दिरांनी स्वतः बसून उरलेल्या फळ्यांचा पेंट पाणी मारून काढला, चार दिवस लागले. जमिनीला सागवानी छटेचा अर्धपारदर्शक स्टेन दिला. त्यांच्या समाधानासाठी कठड्याचे खांब आणि दरवाजा चॉकलेटी पेंटने चमकवला. वुजूसाठी कोपऱ्यात एक छोटी मोरी काढली, तिचं पाणी पाईपने सरळ अंगणात जातं. खरं सांगायचं तर सगळ्या कामात सर्वांत जास्त फायदा त्या पाईपचाच झाला असेल.

आता दर नोव्हेंबरला माझा मुलगा पेचकस आणि तांब्या घेऊन सज्ज्यात जातो. फळ्या टोचतो, पाण्याचे थेंब टाकतो. मागच्या वर्षी कठड्याजवळ थेंब जिरले, तेवढ्याच भागाला आम्ही एक हात मारला. अर्धा डबा अजून शिल्लक आहे.

अम्मी पुन्हा तिथेच बसतात. पहिले काही महिने त्या काठी टेकवून फळी तपासायच्या आणि मगच पाय ठेवायच्या. आता काठी दाराशीच ठेवतात. तुमच्या घरी असा सज्जा, ओटा किंवा जिना असेल, तर रंगाऱ्याला फोन करायच्या आधी एकदा पेचकस घेऊन जा. लाकडाची हालत काय आहे ते दोन मिनिटांत कळेल.